तिसऱ्या मजल्यावरची जर्मनी

बाईंच्या घरात जर्मनी स्वयंपाकघरापासून सुरू व्हायची. बाहेरची खोली म्हणजे भारत. मधला उंबरठा ही सरहद्द, आणि त्या उंबरठ्यात स्टूल टाकून बाई बसलेल्या. आत जायचं तर त्या विचारतील त्याचं उत्तर जर्मनमध्ये द्यायचं. चुकलं की परत चटईवर. पिण्याचं पाणी आत, चहा आत, आणि बाथरूमही आतच. त्यामुळे मुलुंड पूर्वेच्या त्या तिसऱ्या मजल्यावर माणसं व्याकरण फार लवकर शिकत. भांडुपचा एक ब्रदर, म्हणजे आमच्यासारखाच नर्सिंग केलेला मुलगा, पहिल्या दिवशी घरून दोन कप चहा पिऊन आला होता. 'मला आत येण्याची परवानगी मिळेल का' हे वाक्य त्याने दहा मिनिटांत बिनचूक पाठ केलं. आम्हाला त्याच वाक्याला आठवडा लागला होता.

मी तेव्हा घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये स्टाफ नर्स होते. आठ वर्षं झाली होती, पण कायम कुणी करत नव्हतं. दर अकरा महिन्यांनी नव्या कागदावर सही करायची आणि पुन्हा नवी असल्यासारखं कामाला लागायचं. तिकडे जर्मनीत नर्स हव्या आहेत, भाषा आली तर नोकरी मिळते, असं एका मैत्रिणीकडून कळलं आणि मी बाईंचा जिना चढले. वय तेहतीस, पोरगी दुसरीत.

नवऱ्याला एवढंच माहीत होतं की मी क्लासला जाते. 'शिकतेय तर शिकू दे' असं त्याचं मत. तो एसी दुरुस्तीची कामं करायचा, दिवसभर लोकांच्या खिडक्यांतून लोंबकळायचा. माणूस चांगला. कधी आवाज चढवला नाही की कशाला आडकाठी केली नाही. फक्त काहीही विचारलं की म्हणायचा, 'बघू.' फ्रिज बदलायचा का? बघू. पोरीला पोहायला घालायचं का? बघू. आमच्या घरातल्या कितीतरी गोष्टी त्या 'बघू'खाली गाडल्या गेल्या होत्या. म्हणून जर्मनीचं मी विचारलंच नव्हतं. परक्या देशात नोकरी मिळवणं हे माझ्या लेखी अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं घरी विचारणं, आणि मला धास्ती त्या दुसऱ्या अर्ध्याची होती.

बाई मूळच्या कोकणातल्या. वडील गिरणीत होते. बाई स्वतः नर्स झाल्या, चांगल्या मोठ्या इस्पितळात लागल्या, आणि मग त्यांच्या यजमानांना कंपनीने जर्मनीला पाठवलं म्हणून नोकरी सोडून मागोमाग गेल्या. तिथे सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांत बाईंनी नोकरीसाठी जिथे जिथे म्हणून अर्ज करता येईल तिथे तिथे केला, आणि एकही नोकरी मिळाली नाही. ही गोष्ट त्या पहिल्याच दिवशी, फी सांगायच्या आधी सांगत.

"मी नापास झालेली बाई आहे," असं त्या म्हणत. "पास झालेल्याला काय कळतंय? त्याला विचार कसा पास झालास, तर म्हणेल देवाची कृपा. नापास माणसाला एकूण एक चूक पाठ असते."

त्यांच्याकडे एक जाडजूड फाइल होती. तिच्यात त्यांना आलेली नकाराची सगळी पत्रं तारीखवार लावलेली. हेच आमचं पाठ्यपुस्तक. बाकीच्या क्लासांत मुलं पहिल्या दिवशी 'नमस्कार, माझं नाव अमुक' शिकतात. आम्ही पहिल्या दिवशी 'लायडर' शिकलो. लायडर म्हणजे दुर्दैवाने. दुर्दैवाने आम्ही आपल्याला कळवू इच्छितो की. दुर्दैवाने या जागेसाठी. दुर्दैवाने यावेळी. बाई एकेक पत्र मोठ्याने वाचायच्या आणि जिथे दाद द्यायची तिथे मनापासून दाद द्यायच्या.

"हा बघ, काय सभ्य माणूस आहे! नाही म्हणताना तीन वेळा आभार मानलेत. आणि नाही म्हणजे नाही. आपल्याकडे काय? 'कळवतो' म्हणतात आणि मरेपर्यंत कळवत नाहीत. तू फोनजवळ बसून म्हातारी हो."

एकदा एका मुलीने भीत भीत विचारलं, "बाई, एखादं होकाराचं पत्र पण शिकवा ना."

"नाही माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "असतं तर मी इथे बसून तुझ्याशी डोकं फोडत बसले असते का?"

दर शनिवारी खोट्या मुलाखती चालत. त्या दिवशी बाई यजमानांचा कोट घालायच्या. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, त्यांचा जाड, काळपट, गुडघ्यापर्यंत येणारा थंडीतला कोट. मे महिन्यातल्या मुलुंडमध्ये नऊवारी नेसलेल्या नसल्या तरी पाचवारी नेसलेल्या बाईंनी तो कोट अंगात चढवला की आम्हालाच घाम फुटायचा. कोट घातला की बाईंना मराठी येत नसे. त्या कुणी एक साहेब व्हायच्या, नाकावर चष्मा ओढून आमच्याकडे बघायच्या आणि आम्ही काहीही म्हटलं की 'बिटे?' विचारायच्या. बिटे म्हणजे 'काय म्हणालात?' एकदा मधेच गॅस सिलिंडरवाला आला. कोट अंगात असल्यामुळे बाईंनी त्याच्याशीही जर्मनच बोलायला सुरुवात केली. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा. शेवटी त्याने आमच्याकडे बघून विचारलं, "ताई, ह्यांना बरं नाय का?"

मुलाखतीतला आमचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे मान. प्रश्न विचारला की आमची मान खाली जायची. बाई कोटासकट उठायच्या आणि हनुवटीला बोट लावून मान वर करायच्या. कोटाचा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवून मालवणी हेलात ओरडायच्या.

"काय गो, दाखवायचा कार्यक्रम आहे की काय? पोहे घेऊन आलंस? ते तुझ्यात खोड काढायला नाय बसलेत. त्यांना माणूस हवाय. तुला काम हवंय. हिशेब सारखा!"

बायोडेटावर तर त्या लाल पेन घेऊन तुटून पडत. आम्ही आपले इथल्या सवयीने वडिलांचं नाव, जात, उंची, विवाहित, छंद: गाणी ऐकणे, सगळं लिहिलेलं. बाई एकेक ओळ खोडायच्या. वडील गेले, उंची गेली, गाणी गेली. शेवटी कागदावर चार ओळी उरायच्या. त्या चार ओळींकडे बघून मला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं. बाईंनी ते ओळखलं असावं. "एवढंच तुझं आहे," त्या म्हणाल्या. "पण आहे ते तुझं आहे. बाकीचं घरच्यांचं होतं."

आणि पेढे. कुणाला पहिला नकार आला की बाई पेढे आणायच्या, मुलुंड स्टेशनजवळच्या त्यांच्या ठरलेल्या दुकानातून, पाव किलो. नकार आला म्हणजे अर्ज पोचला, कुणीतरी वाचला, उत्तर लिहायला एक माणूस दहा मिनिटं बसला. परक्या देशात तुझी कुणी दखल घेतली, तोंड गोड कर. मला पहिला नकार आला तेव्हा माझ्याही हातात दोन पेढे पडले. मी ते घरी नेले. नवऱ्याने विचारलं, "कशाचे गं?" मी म्हटलं, "क्लासमध्ये कुणाचं तरी काहीतरी होतं." त्याने एक खाल्ला, पोरीने एक. मला त्या रात्री स्वतःचा थोडा राग आला. नाही म्हटलेलंसुद्धा मी घरी सांगू शकत नव्हते, मग हो म्हटलेलं कुठून सांगणार होते?

बाईंना माझी ही अडचण माहीत नव्हती. घरच्या गोष्टी त्या विचारत नसत. कुणी सांगायला लागलं तर उंबरठ्याकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "जर्मनमध्ये सांग." साहजिकच माणूस गप्प बसे.

दीड वर्षाने मी परीक्षा पास झाले आणि एका वृद्धाश्रमाने मला मुलाखतीला बोलावलं, लॅपटॉपवर. आमच्या घरी एकच खोली, वर पोरीची शाळा सकाळची, दुपारी ती घरात. म्हणून बाईंनी मला त्यांच्याकडे बसायला सांगितलं. स्वयंपाकघरातच. ओट्यावर लॅपटॉप, पाठीमागे दिसू नये म्हणून डब्यांच्या फळीवर पांढरी चादर. बाई स्वतः बाहेरच्या खोलीत, दाराआड, खुर्चीवर. "मी काही बोलणार नाही," असं त्यांनी मला दोनदा आणि स्वतःला एकदा बजावलं.

पडद्यावर दोघी होत्या. एक तरुण, लिहून घेणारी, आणि एक आखूड केसांची, साठीकडे झुकलेली मेट्रन. मेट्रनचा चेहरा बरा होता. आश्रमातल्या एखाद्या आजींनी अंघोळीला नकार दिला तर काय कराल, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आधी विचारीन पाणी गार वाटतंय का, मग विचारीन लाज वाटतेय का, आणि दोन्ही नसेल तर उद्या करू म्हणेन. ती हसली. तुम्हाला काय जमत नाही, असं विचारलं. मी मान वर ठेवून सांगितलं की घाईत केलेलं काम मला जमत नाही. हे बाईंनी शिकवलेलं नव्हतं, ते आपोआप आलं. बाहेरच्या खोलीतली खुर्ची करकरली.

मग मेट्रन जरा भरभर बोलायला लागली आणि माझा धागा सुटला. एव्हाना माझी पाठ घामाने भिजली होती. शेवटच्या दोन वाक्यांतून मला 'एक आठवडा' आणि 'कळव' एवढंच हाताला लागलं. मला वाटलं, झालं. इथेही तेच. आठवड्याने कळवतो. म्हणजे नाही. मी मनात म्हटलं, ठीक आहे, निदान निघताना तरी नीट निघावं. मी उठले, हात जोडले आणि लहानपणापासून कुणाच्याही घरातून उठताना जे म्हणत आले तेच जर्मनमध्ये म्हटलं. आपण काही 'जाते' म्हणत नाही. मी म्हटलं, 'इश कॉमं.' येते.

मेट्रनच्या भुवया वर गेल्या. "खरंच? ठरलं?"

"या, या," मी म्हटलं. हो, हो.

"कधी?"

मला वाटलं, किती अगत्याची बाई आहे, पुन्हा कधी येशील विचारते. मी म्हटलं, "लवकरच."

त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. तरुण मुलीने काहीतरी लिहून घेतलं. मेट्रनने हात हलवला आणि पडदा काळा झाला.

मी बाहेर आले. बाई खुर्चीतून उठून उभ्या होत्या, भिंतीला टेकून.

"बाई, नाही म्हणाल्या बहुतेक. आठवड्याने कळवतो म्हणाल्या."

"कळवतो नाही म्हणाल्या," बाई म्हणाल्या. "कळवा म्हणाल्या. आम्हाला तुम्ही हव्या आहात, विचार करा, आठवड्याभरात कळवा."

"मग?"

"मग काय? तू उठून उभी राहिलीस आणि येते म्हणालीस. कधी विचारलं तर म्हणालीस लवकर. संध्याकाळपर्यंत करारपत्र येईल."

बाई हसत होत्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हसू आलं नाही. मी चटईवर बसले.

"बाई, घरी विचारलंच नाहीये अजून. त्याला माहीतच नाही. आता काय करू? तुम्ही फोन करा ना त्यांना. सांगा चुकून बोलली. तिला वेळ द्या, घरी विचारून सांगते म्हणा."

बाईंचं हसू थांबलं. त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, साड्या सरकवल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पाकीट होतं. फाइलमधलं नव्हतं ते, फाइल तर खिडकीत होती. त्यांनी आतला कागद काढला आणि पहिल्यांदाच, एकही शब्द जर्मन न उच्चारता, सरळ मराठीत वाचला.

"आपल्या उत्तराची आम्ही तीन आठवडे वाट पाहिली. आपल्यासाठी खोली राखून ठेवली होती. आता ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागत आहे."

मला आधी कळेना.

"सहावं वर्ष होतं," बाई म्हणाल्या. "एका खेड्यातला वृद्धाश्रम. गाडीने दोन तास लांब. आठवडाभर तिथे राहायचं, शनिवार-रविवार घरी. तिथली मुख्य बाई म्हणाली, तुमचे कागद आम्ही बघून घेऊ, तुम्ही येता का? एवढ्या सगळ्या लोकांत एकटी ती म्हणाली, येता का. आणि मी काय म्हटलं? घरी विचारून सांगते."

"मग? तुमचे यजमान नाही म्हणाले?"

बाईंनी कागदाची पुन्हा घडी केली. जुन्याच घड्यांवर.

"विचारूकच नाय गो मी," त्या म्हणाल्या. "ते दमून यायचे. म्हटलं आज नको. म्हटलं रविवारी. रविवारी त्यांचे कोण मित्र जेवायला. म्हटलं पुढच्या रविवारी. मग हे पत्र आलं. ते गेले तरी त्यांना ठाऊक नव्हतं."

"ते काय म्हणाले असते?"

"तेच तर मला माहीत नाही. माणसाबरोबर अडतीस वर्षं काढली आणि एवढं माहीत नाही."

मला बाईंची फार दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची भीती वाटली. कारण मी जर फोन करायला लावला असता, तर पुढचे तीन आठवडे मला दिसतच होते. आज तो दमलाय. आज पोरीला ताप आहे. रविवारी बघू.

मी फोन करायला लावला नाही. चपला घातल्या आणि घरी गेले.

नवऱ्याला त्या दिवशी दुपारनंतर काम नव्हतं. तो ओट्यापाशी भेंडी चिरत होता, पोरगी खाली खेळायला गेली होती. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. ठेवली असती तर पाणी प्यायले असते, पाणी प्यायले असते तर बसले असते.

"मला जर्मनीत नोकरी लागली," मी म्हटलं. "म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात. मी हो म्हटलंय."

त्याने मान वर केली नाही. हातातली भेंडी चिरून झाली. त्याने दुसरी घेतली, देठ काढला, तीही चिरली.

"विचारायचंस तरी," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तू बघू म्हणाला असतास."

"हो, म्हणालो असतो." त्याने सुरी खाली ठेवली. "कधी निघायचंय?"

एवढंच. बाकीचं सगळं, पोरीची शाळा, त्याची आई, व्हिसा, रडारड, ते पुढचे चार महिने चाललं आणि ते सोपं नव्हतं. पण तो प्रश्न त्याने तेव्हाच विचारला, भेंडीने चिकट झालेल्या हाताने.

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या आधी अर्धा तास गेले. बाई उंबरठ्यावर नव्हत्या, बाहेरच्या खोलीतच बसल्या होत्या. बस म्हणाल्या. करारपत्राबद्दल काही विचारलं नाही.

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"कधी निघायचंय म्हणाला."

बाई जरा पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "किती वेळाने म्हणाला?"

मी हसले. मला वाटलं त्या मस्करी करतायत. म्हटलं, "भेंडी चिरत होता, बाई. दोन भेंड्या चिरून झाल्या आणि म्हणाला."

बाईंना हसू आलं नाही. खालून जिन्यावर मुलींचे आवाज यायला लागले होते. बाईंनी गुडघ्यावरची साडी हाताने सारखी केली, पुन्हा एकदा केली.

"दोन भेंड्या," त्या म्हणाल्या.